आयमॅक्स, डॉल्बी की साधा पडदा: चित्र नेमकं कुठे चांगलं दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा: एकच चित्रपट आयमॅक्स, डॉल्बी सिनेमा, चित्रपटगृहांच्या साखळीचा स्वतःचा 'मोठा पडदा' आणि साधा पडदा अशा चार प्रकारांत लागला आहे. जास्तीचे पैसे मोजले तर चित्र खरंच चांगलं दिसतं का, आणि दिसत असेल तर कुठे? सोबत दोन उपप्रश्न आहेत. कुठल्या रांगेत बसावं? आणि चष्मा असणाऱ्याने थ्रीडीच्या वाटेला जावं का?

चित्रपटगृहांत प्रोजेक्टर बसवणं आणि पडद्यावरचा प्रकाश, रंग, फोकस मोजून जुळवून देणं हे माझं काम. त्या अनुभवावरून उत्तर आधीच देऊन टाकतो: नुसतं दारावरचं नाव बघून तिकीट काढू नका. चित्र चार गोष्टींवर ठरतं. चित्रपट कुठल्या आकारात बनला आहे, पडद्याच्या दर चौरस मीटरवर किती प्रकाश पडतो, काळा रंग किती काळा उतरतो, आणि तुम्ही पडद्यापासून किती लांब बसता. मोठ्या नावामुळे यातल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीची खात्री मिळते. चारही एकाच ठिकाणी जुळून येणं दुर्मीळ आहे.

आधी आकाराचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

चित्रपटगृहांसाठी बनणारे बहुतेक चित्रपट दोनपैकी एका आकारात असतात. 'फ्लॅट' म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद, आणि 'स्कोप' म्हणजे २.३९ पट रुंद. भव्य म्हणून गाजणारे पुष्कळ चित्रपट स्कोपमध्येच असतात. आयमॅक्सचा पडदा मात्र यापेक्षा उंच. मूळ फिल्मवाल्या आयमॅक्सचा आकार १.४३, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आणि मल्टिप्लेक्समधल्या डिजिटल आयमॅक्सचा १.९०.

आता २२ मीटर रुंद पडदा धरून हिशेब करा. १.९० च्या पडद्याची उंची होईल साधारण ११.६ मीटर. त्यावर स्कोप चित्रपट लावला की चित्राची उंची भरते ९.२ मीटर, वर आणि खाली मोकळ्या पट्ट्या राहतात. पडद्याचा पाचवा हिस्सा वापराविना पडून. १.४३ च्या पडद्यावर तर उंची १५.४ मीटर आणि चित्र तेच ९.२ मीटर, म्हणजे चाळीस टक्के पडदा रिकामा. याउलट शेजारच्या सभागृहात २२ मीटर रुंदीचा स्कोप आकाराचाच पडदा असेल तर तोच चित्रपट काठोकाठ भरून दिसतो. चित्र तिन्ही ठिकाणी तेवढंच, ना एक सेंटीमीटर जास्त ना कमी. उंच पडद्याचे पैसे देऊन स्कोप चित्रपट बघणारा बहुतेक वेळा रिकाम्या जागेचे पैसे देत असतो.

चित्र मुळातच उंच आकारासाठी घेतलेलं असेल तर मात्र पारडं पूर्ण फिरतं. स्कोपच्या तुलनेत १.९० मध्ये त्याच रुंदीला सुमारे २६ टक्के जास्त चित्र मिळतं, १.४३ मध्ये ६७ टक्के. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये काही प्रसंग आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांनी टिपले होते. मोठ्या कथापटात हे पहिल्यांदाच झालं, आणि त्या प्रसंगांना पडदा वर-खाली उघडत जातो तेव्हा प्रेक्षक सावरून बसतात हे सभागृहात उभं राहून बघण्यासारखं असतं. पुढे आयमॅक्सने प्रमाणित केलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही १.९० साठी चित्रपट होऊ लागले. त्यामुळे तिकीट काढण्याआधी एवढं शोधा: या चित्रपटाचा काही भाग तरी आयमॅक्ससाठी वाढीव उंचीत आहे का? असेल तर निर्माते ते जाहिरातीत ठळकपणे सांगतातच. जाहिरातीत फक्त 'आयमॅक्समध्येही पाहा' एवढंच असेल, तर बहुधा नेहमीच्याच आकारातलं चित्र आयमॅक्सने आपल्या पद्धतीने स्वच्छ करून दिलेलं असतं. ते वाईट नसतं, पण जास्तीचं चित्र त्यात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'आयमॅक्स' या एकाच नावाखाली आज निदान चार वेगळी यंत्रं चालतात. पहिलं मूळ फिल्मचं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात ते पहिल्यांदा दाखवलं गेलं आणि १९७१ मध्ये टोरांटोच्या सिनेस्फिअरमध्ये कायमचं बसलं. ७० मिमी फिल्म त्यात आडवी धावते. एका फ्रेमला कडेची पंधरा छिद्रं लागतात, आणि फ्रेम भरते साधारण ७० बाय ४८.५ मिमी, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमी फ्रेमच्या आठ-नऊ पट. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे दर सेकंदाला १.७ मीटर फिल्म प्रोजेक्टरमधून जाते. तीन तासांच्या चित्रपटाची फिल्म उलगडली तर १८ किलोमीटर भरेल. तो तपशील, तो स्थिरपणा आणि रंगांची ती घनता ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. अशी सभागृहं जगात फार थोडी उरली आहेत. तुमच्या आवाक्यात एखादं असेल आणि चित्रपट त्या फिल्मवर घेतलेला असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तिकडेच जा.

दुसरं यंत्र म्हणजे दोन ४के (आडवे सुमारे चार हजार ठिपके) लेझर प्रोजेक्टर एकावर एक धरून दाखवणारं, जे २०१४ च्या अखेरीस आलं. पडदा उंच असेल तर ते १.४३ भरू शकतं, आणि डिजिटलमध्ये मोठ्या पडद्यावर याच्या तोडीचं फार थोडं आहे. तिसरं, २०१८ पासूनचं एकाच ४के लेझर प्रोजेक्टरचं, १.९० साठी. आणि चौथं, २००८ पासून मल्टिप्लेक्समध्ये पसरलेलं, दोन २के (४केच्या निम्मे आडवे ठिपके) झेनॉन, म्हणजे झेनॉन वायूच्या दिव्याच्या, प्रोजेक्टरचं. हे चौथं अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि बाहेर पाटी तीच असते. लेझर असेल तर चित्रपटगृह ते मिरवतंच, त्यामुळे पाटीवर, संकेतस्थळावर कुठेच 'लेझर' दिसलं नाही, तर झेनॉन धरून चाला.

आता प्रकाश. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ज्याने काम केलं आहे तो आधी याबद्दलच बोलेल.

डिजिटल सिनेमाचा जो प्रमाणित दर्जा हॉलीवूडच्या स्टुडिओंनी मिळून २००५ मध्ये ठरवला, त्यात रिकाम्या पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर ४८ निट्स (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) प्रकाश हवा असं म्हटलं आहे. रंग जुळवणारा तंत्रज्ञ दिग्दर्शकाला शेजारी बसवून चित्रपट याच उजेडात पक्का करतो. त्याहून कमी उजेडात तो दाखवला की सावल्यांतला तपशील बुडतो, चेहरे मातकट दिसतात आणि डोळे ताणले जातात. पडदा मोठा झाला की तोच प्रकाश जास्त जागेत विभागला जातो, आणि गोम इथेच आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर, १२ मीटर रुंदीच्या स्कोप चित्राला ४८ निट्स आणायला सुमारे नऊ हजार ल्युमेन (एकूण प्रकाशाचं एकक) पडद्यापर्यंत पोचावे लागतात. २२ मीटरला लागतात तीस हजार. रुंदी दुपटीहून कमी वाढली, प्रकाश मात्र तिपटीहून जास्त लागला. ज्या चित्रपटगृहाने पडदा मोठा केला पण प्रोजेक्टर त्या मानाने घेतला नाही, तिथे तुम्ही मोठं पण मंद चित्र बघता. अशा मोठ्या पडद्यापेक्षा नीट उजळलेला मध्यम पडदा मी कधीही पसंत करीन.

झेनॉन दिवा जसजसा जुना होतो तसतसा मंदावतो. आयुष्य संपेपर्यंत त्याचा प्रकाश अर्ध्यावर येऊ शकतो. ठरलेल्या तासांनंतर बदलणं हा त्यावरचा एकमेव उपाय, पण दिवा महाग असतो, म्हणून 'अजून चालतोय की' म्हणत तो ताणला जातो. त्यातून प्रोजेक्टर आणि सभागृह यांच्यामधली काच, जिला आम्ही पोर्ट ग्लास म्हणतो, ती कुणी पुसलेली नसते. मंद चित्राची तक्रार आली की मी आधी सभागृहात मागच्या तिसऱ्या भागात तिवईवर मीटर लावतो, पूर्ण पांढरी चौकट लावायला सांगतो आणि मध्य व चारही कोपरे मोजतो. मग वर जाऊन त्या काचेच्या दोन्ही बाजू पुसतो. सभागृहाकडच्या बाजूला तेलकट धुळीचा असा थर असतो की फडकं पिवळसर काळं होऊन येतं. खाली येऊन पुन्हा मोजलं की आकडा वर सरकलेला असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती जो धुरकट उजेड पसरत होता तो गेलेला असतो. काचेवरची धूळ प्रकाश खाते आणि वर तो विखुरतेही, म्हणून उजेड आणि काळेपणा या दोन्हींचं एकाच वेळी नुकसान होतं. कोपऱ्यांना मध्यापेक्षा थोडा कमी प्रकाश असणं स्वाभाविक आहे. तो मध्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर दिव्याची बैठक बिघडली आहे असं समजायचं.

लेझरने यातला मोठा प्रश्न सोडवला. त्याचा प्रकाश वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो, त्यामुळे शोमागून शो जवळपास सारखा उजेड मिळतो. पण लेझरही दोन तऱ्हेचे आहेत. स्वस्तातल्या तऱ्हेत निळा लेझर पिवळ्या फॉस्फरच्या चाकावर पडून बाकीचे रंग तयार होतात. उजेड स्थिर असतो, रंग झेनॉनच्या जवळपास. महागड्या तऱ्हेत लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र लेझर असतात, आणि गर्द लाल, समुद्राचा हिरवा-निळा असे रंग त्यात असे काही उमटतात की झेनॉनला ते जमत नाही. त्याची एक खोड आहे: फिकट, एकसारख्या भागावर, जसं आकाश किंवा बर्फ, बारीक वाळूसारखी चमचम दिसते आणि डोकं हलवलं की तीही हलते. चांगल्या बसवणीत वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर मिसळून किंवा पडद्याला अतिसूक्ष्म कंप देऊन ती घालवतात. ती तुम्हाला दिसली तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही.

काळ्या रंगाबद्दल डॉल्बी सिनेमाला पूर्ण श्रेय दिलंच पाहिजे. नेहमीच्या डिजिटल प्रोजेक्टरचं पांढरं आणि काळं यांचं गुणोत्तर साधारण दोन हजारास एक असतं. म्हणजे चित्र पूर्ण काळं असतानाही पडदा करड्या उजेडात हलका झळकत असतो. अवकाशातला किंवा रात्रीच्या रानातला प्रसंग आठवा, तिथे काळं कधीच काळं नसतं. डॉल्बीच्या यंत्रणेत दोन ४के लेझर प्रोजेक्टर आहेत, पांढऱ्याचा उजेड सुमारे १०८ निट्स आणि गुणोत्तर दहा लाखास एक सांगितलं जातं. पहिलं असं सभागृह डिसेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनला सुरू झालं. तिथे पडदा काळा झाला की सभागृहात पडदा आहे हेच कळेनासं होतं. दहा लाखांचा आकडा मात्र एकामागून एक पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी चौकट मोजून येतो. एकाच चित्रात उजेड आणि अंधार दोन्ही असले की भिंती, छत, खुर्च्या, प्रेक्षकांचे पांढरे कपडे यांवरून प्रकाश परत पडद्यावर येतो आणि काळं फिकं होतं. म्हणूनच डॉल्बीची सभागृहं आतून बिनचकाकीची काळी असतात आणि दिवे लपवलेले असतात. ही खोली म्हणजे सजावट नव्हे, ती चित्राचाच भाग आहे. उत्तम प्रोजेक्टर बसवून भिंती चकचकीत लाकडाच्या आणि पायऱ्यांना झगमगती दिवेपट्टी, असं करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं की तुम्ही विकत घेतलेला काळा रंग स्वतःच पुसून टाकता आहात.

डॉल्बीसाठी चित्रपटाची वेगळी प्रत रंग जुळवून बनवावी लागते. प्रत्येक चित्रपटाची ती बनतेच असं नाही. नसेल तर नेहमीचीच प्रत त्या उत्तम यंत्रावर दिसते, फरक तरीही जाणवतो पण कमी. आणि डॉल्बीचे पडदे आयमॅक्सइतके अवाढव्य सहसा नसतात.

याच्याही पुढे दोन दिशांनी काम चालू आहे. एक म्हणजे प्रोजेक्टरच नको, पडदाच एलईडीचा. २०१७ मध्ये सेऊलच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सॅमसंगचा असा ४के पडदा लागला. काळं अगदी काळं आणि उजेड भरपूर. अडचण आवाजाची: नेहमीच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि मधले स्पीकर त्यामागे बसवलेले असतात, एलईडीमागून आवाज येऊ शकत नाही. दुसरी दिशा म्हणजे गरज नसलेल्या भागातला प्रकाश उजळ भागाकडे वळवणारा प्रोजेक्टर. दोन्हींचं लक्ष्य ३०० निट्सच्या आसपास आहे. जवळपास मिळालं तर जरूर बघा, अजून ते सर्रास झालेलं नाही.

आता पिक्सेल आणि रांग, कारण या दोन्ही गोष्टी एकत्रच बोलाव्या लागतात.

निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखता येतो. २के चित्रात आडवे २०४८ पिक्सेल असतात, ४के मध्ये ४०९६. हिशेब केला तर २के चित्रात पडद्याच्या रुंदीच्या सुमारे १.७ पट अंतरापेक्षा जवळ बसणाऱ्याला पिक्सेलची जाळी जाणवू लागते, ४के मध्ये हेच अंतर रुंदीच्या ०.८५ पट. २२ मीटरच्या पडद्याला २के साठी ३७ मीटर! एवढं लांब सहसा सभागृहच नसतं. म्हणजे जुन्या २के यंत्राच्या मोठ्या पडद्यावर बहुतेक खुर्च्या 'फार जवळ' ठरतात. तिरप्या रेषा आणि शेवटच्या श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं बघितली की पायऱ्या-पायऱ्या दिसतील. उलट १२ मीटरच्या साध्या पडद्यावर मागून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याला २के आणि ४के यांत फरक सांगता येणं कठीण. त्यातून पुष्कळ चित्रपट, विशेषतः ज्यांत संगणकीय दृश्यं भरपूर असतात ते, अंतिम टप्प्यात २के मध्येच पक्के केलेले असतात. ४के यंत्र त्यांना नवा तपशील देऊ शकत नाही. जाळी तेवढी नाहीशी करतं, आणि मोठ्या पडद्यावर जवळ बसणाऱ्याला तेही पुष्कळ आहे.

रांग निवडायला मी एक सोपी युक्ती वापरतो. हात समोर ताठ करून मूठ धरली की ती डोळ्याला साधारण दहा अंशांची दिसते. खुर्चीवर बसून पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मुठी मोजा. चार मुठी म्हणजे चाळीस अंश, पडद्यापासून अंतर त्याच्या रुंदीच्या सुमारे १.४ पट. ही चांगल्या अनुभवाची निवांत जागा. पाच मुठी म्हणजे अंतर जवळपास पडद्याच्या रुंदीएवढं. चित्राने वेढून टाकावं असं वाटत असेल तर इथे बसा. सहाच्या पुढे गेलं की मान वळवावी लागते, आणि ते फक्त उंच आकारात घेतलेल्या आयमॅक्स चित्रपटांना शोभतं, कारण त्यात मुख्य घडामोड मध्याच्या जरा खाली ठेवून बाकीची जागा नजरेच्या कडा भरायला सोडलेली असते. स्कोपमध्ये तेवढं जवळ बसलं तर संवादाच्या प्रसंगात नजर या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहते. तीन मुठींपेक्षा कमी भरत असतील तर तुम्ही फार मागे आहात. मोठ्या पडद्याचं तिकीट काढून तिथे बसण्यात अर्थ नाही. उंचीचंही मोजा: समोर सरळ नजरेपासून चित्राच्या वरच्या कडेपर्यंत साडेतीन मुठींच्या वर गेलं तर तीन तासांत मान धरणार. आडव्या दिशेने मात्र मध्य सोडू नका.

मध्य सोडू नका म्हणण्यामागे चंदेरी पडद्याचंही कारण आहे. थ्रीडीच्या बऱ्याच पद्धतींत प्रकाशाचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरींची ठरावीक दिशा) टिकवावं लागतं, आणि साधा पांढरा पडदा ते टिकवत नाही, म्हणून धातूच्या रंगाचा पडदा लावतात. हा पडदा प्रकाश समोर जास्त फेकतो आणि बाजूंना कमी. मध्ये बसलेल्याला मधोमध उजळ ठिपका दिसतो आणि कडा काळवंडतात. कडेच्या खुर्चीवरून पडद्याची पलीकडची बाजू मंद दिसते. थ्रीडी चालू नसतानाही पडदा तोच, म्हणजे साध्या टूडी शोलाही हा त्रास. पुष्कळांना 'इथे चित्र काहीतरी विचित्र दिसतं' असं वाटतं त्यामागे हेच असतं.

थ्रीडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: उजेड पुरेसा नसेल तर नको. गाळण्या आणि चष्मा मिळून प्रकाशाचा मोठा वाटा खातात, आणि झेनॉनच्या काळात थ्रीडीला डोळ्यांपर्यंत पंधरा निट्स पोचले तरी चालतील असं धरलं जाई. ४८ ऐवजी १५! दोन लेझर प्रोजेक्टरची आयमॅक्स किंवा डॉल्बी यंत्रणा असेल तर परिस्थिती बरीच सुधारते. डॉल्बीत थ्रीडीलाही ४८ च्या आसपास मिळतात, म्हणजे साध्या टूडीएवढे. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी थ्रीडीचा चष्मा त्यावरून घालायचा असतो. तो नाकावर पुढे येऊन बाजूंनी उजेड आत घुसतो, म्हणून रुंद चौकटीचा मागून घ्या, काचा आधी पुसा, आणि त्या चित्रपटगृहात डोकं थोडं तिरकं केल्यावर दोन-दोन प्रतिमा दिसू लागल्या तर मान सरळ ठेवूनच बघावं लागेल, कारण काही पद्धतींत ध्रुवीकरण सरळ रेषेत असतं. आणि थ्रीडी असो वा नसो, लांबचा नंबर तपासून घ्या. अर्ध्या नंबराने कमी असलेल्या चष्म्यातून ४के आणि २के सारखेच दिसतात.

साखळ्यांच्या स्वतःच्या मोठ्या पडद्यांना मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण त्यांच्याबद्दल एक वाक्य लागू पडत नाही. नाव प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाच नावाखाली एका ठिकाणी तीन रंगांचा ४के लेझर असतो तर दुसरीकडे फक्त रुंद खुर्च्या आणि झेनॉन. दोन गोष्टी विचारा: प्रोजेक्टर कुठला, आणि पडदा स्कोप आकाराचा की फ्लॅट आकाराचा. पडदा स्कोपचा आणि प्रोजेक्टर तीन रंगांच्या लेझरचा असेल, तर स्कोप चित्रपटासाठी ती जागा मी नुसत्या नावाच्या आयमॅक्सपेक्षा वर धरतो. अंधारात घडणारा, सावल्यांवर उभा असलेला चित्रपट डॉल्बीत. वाढीव उंचीत घेतलेला आयमॅक्समध्ये, लेझर असेल तिथे. घरातल्या चार माणसांची गोष्ट असेल तर नीट ठेवलेला साधा पडदा, चार मुठी भरतील अशा रांगेतली मधली खुर्ची, आणि वाचलेल्या पैशात आणखी एक चित्रपट. आवाजावर वेगळं लिहावं लागेल. अ‍ॅटमॉस ही डॉल्बीची आवाजाची पद्धत साध्या पडद्यांनाही असते, म्हणून केवळ त्यासाठी मोठ्या पडद्याचं तिकीट काढायची गरज नाही एवढंच सांगतो.

साध्या पडद्याचा विषय निघालाच आहे तर मास्किंगचं सांगतो. चित्राच्या आकारानुसार कडेने किंवा वरून सरकणारे काळे कापडी पडदे पूर्वी सगळीकडे असायचे. करड्या झळकणाऱ्या मोकळ्या पट्ट्या ते झाकतात, आणि चित्राची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. नव्या बांधकामांत खर्च वाचवायला ते काढून टाकले गेले. ज्या चित्रपटगृहात मास्किंग अजून सरकतं तिथे चित्राची काळजी घेणारं कुणीतरी आहे असं खुशाल समजा.

आत बसल्यावर सुरुवातीची नावं चालू असताना एवढं बघून घ्या: काळा भाग किती करडा आहे, चारही कोपऱ्यांतली अक्षरं मध्याइतकीच धारदार आहेत का, चित्र कडेच्या कापडावर सांडतंय का, कुणाची डोकी वरून कापली जात आहेत का. टूडी शो असून चित्र फार मंद आणि मळकट दिसत असेल, तर आधीच्या थ्रीडी शोची गाळणी लेन्ससमोर तशीच राहिलेली असू शकते. काही खटकलं तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला गाठा, आणि 'चित्र चांगलं नाही' असं मोघम न सांगता 'उजवी बाजू फोकसमध्ये नाही' किंवा 'स्कोप चित्रपट फ्लॅटच्या सेटिंगवर लागलाय' असं सांगा. फोकस, चित्राचं सेटिंग, राहिलेली गाळणी आणि चालू राहिलेले सभागृहातले दिवे या गोष्टी शो न थांबवता मिनिटभरात दुरुस्त होतात. दिवा, काच आणि पडदा यांचं काम त्या शोपुरतं होणार नाही, म्हणून तिथे खुर्ची बदलून किंवा पैसे परत मागा, आणि तक्रार लेखी नोंदवा. आमच्यासारख्यांना बोलावणं येतं ते बहुतेक वेळा त्या लेखी नोंदीवरूनच.